दंतधावन रात्रीचेही हवे

सकाळी ‘तोंड धुतलेस का?’ असे विचारल्याशिवाय आपल्याकडे कोणी मुलाच्या हाती चहाची कपबशी देत नाही. रात्री मात्र हा प्रश्न क्वचितच कोणत्या घरात ऐकू येतो. शेवटचा घास दूधभाताचा असो की श्रीखंडाचा, दोन चुळा भरल्या की आपण अंथरुणाकडे वळतो. माझे म्हणणे असे की, दंतधावन दोन वेळा करावे. पण एकच वेळ साधणार असेल, तर ती रात्रीची असावी.

हे विधान पुष्कळांना विपरीत वाटेल. कारण मात्र साधे आहे. दातांवर जमणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जंतूंची वसती असते. आपण खाल्लेल्या गोड व पिठूळ पदार्थांपासून हे जंतू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातावरील कवच विरघळवते. दिवसा लाळ या आम्लाला सौम्य करते व झीज थोडीफार भरूनही काढते. झोपेत लाळ फारच थोडी स्रवते. म्हणजे चोर घरात आणि पहारेकरी निजलेला! हे कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. पण मोडलेले हाड जुळते, खरचटलेली कातडी भरून येते, तसे किडीने दाताला पाडलेले भोक काही आपोआप बुजत नाही.

याची झळ विशेषेकरून सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दाढेला बसते. कोणताही दुधाचा दात न पाडता ही दाढ सर्वांच्या मागे निमूटपणे उगवते. त्यामुळे घरातील मंडळी तिला दुधाची समजतात आणि ‘पडेल व नवी येईल’ म्हणून किडू देतात. ती जाते, नवी येत नाही. ज्यांना धाकटी भावंडे आहेत, त्यांनी आज रात्रीच विजेरी घेऊन त्यांच्या तोंडात पाहावे.

रात्रीचे दात घासणे हे परदेशी खूळ आहे, असे म्हणणारे वडीलधारेही आढळतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दंतकाष्ठ दोन वेळा वापरावे असे स्पष्ट सांगितले आहे, हे त्यांस आदरपूर्वक दाखवावे. काडीचे टोक ठेचून घ्यावे आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असेही तेथेच बजावले आहे. हे दुसरे पथ्य तर आपण साफच विसरलो. काळवंडलेले पातेले घासावे तशा आवेशाने कित्येक जण दात आडवे घासतात, आणि वर राखुंडी किंवा विटेची भुकटी! मऊ केसांचा ब्रश दात व हिरडी यांच्या सांध्याशी तिरपा धरावा आणि लहान लहान फेऱ्यांनी, आतून व बाहेरून, दोन मिनिटे फिरवावा. पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. फेस थुंकून टाकावा. लगेच खळखळून चुळा भरल्या, तर फ्लोराइड दातांवर टिकत नाही.

आता मशेरी. तिच्याविषयी लिहू नये, ती पुष्कळांच्या आजीची आहे, असे एका मित्राने सुचविले. नेमक्या त्याच कारणास्तव लिहिले पाहिजे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटली की मशेरी होते. ती प्रथम दातांसाठी म्हणून लावली जाते; पुढे दिवसातून चार-पाच वेळा लागते, कारण मागणी दातांची नसते, व्यसनाची असते. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो. तंबाखू असलेल्या दंतमंजनांवर व पेस्टवर सरकारने 1992 साली बंदी घातली. घरच्या तव्यापर्यंत मात्र कायद्याचा हात पोहोचत नाही. आजीची डबी हिसकावून घेणे हा उद्धटपणा होईल. परंतु दुकानातून तंबाखू आणून देण्याचे काम बहुधा नातवंडांकडेच येते. ते तरी आपण नम्रपणे नाकारावे. आणि तिच्या तोंडात पांढरा वा तांबडा चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर तिला विनाविलंब डॉक्टरांकडे नेण्यास वडिलांना सांगावे.