नावाचा मान

पावसाळा सरल्यानंतर एखाद्या स्वच्छ सकाळी पाचगणीच्या पठारावर उभे राहावे आणि वाईच्या बाजूस खाली पाहावे. डोंगरांच्या कुशीत धोम धरणाचे पाणी चमकताना दिसते. हे पाणी कृष्णेचे. क्षेत्र महाबळेश्वर येथे उगम पावलेली ही नदी सातारा, सांगली या जिल्ह्यांतून पुढे कर्नाटक व तेलंगण ओलांडून सुमारे १४०० किलोमीटर प्रवास करते आणि आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते.

या खोऱ्यातील लोक मात्र तिला नुसते 'कृष्णा' म्हणत नाहीत. ते तिला 'कृष्णाबाई' म्हणतात, 'कृष्णामाई' म्हणतात. वाईच्या घाटांवर दरवर्षी कृष्णाबाईचा उत्सव होतो. घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीचा राखावा, तसा तिचा मान राखला जातो. गंगा, गोदावरी, भागीरथी यांप्रमाणेच कृष्णा हे नावही आपल्याकडे मुलींना पिढ्यानपिढ्या ठेवले गेले. मुलांनो, तुमच्या पणजीचे किंवा तिच्या एखाद्या मैत्रिणीचे नाव कृष्णाबाई असेल, तर त्यात नवल नाही.

या नावाचा अर्थ काय? संस्कृतात 'कृष्ण' म्हणजे काळा, सावळा. त्याचे स्त्रीलिंगी रूप 'कृष्णा'. महाभारतातील द्रौपदीचेही हे एक नाव होते. तिच्या सावळ्या वर्णावरून ते तिला मिळाले. म्हणजे कृष्णा या शब्दाचा सरळ अर्थ 'काळी' असाच होतो.

येथे थोडे थांबून विचार करावा. वर्गातील एखाद्या मुलीला कोणी 'काळी' म्हणून चिडवले, तर तिच्या डोळ्यांत पाणी येते. तोच अर्थ असलेला 'कृष्णा' हा शब्द उच्चारताना मात्र आपले हात जोडले जातात. अर्थ एकच असता एका शब्दात अपमान आणि दुसऱ्यात आदर, असे का व्हावे? याचे कारण मला असे दिसते की, नावाला मोल येते ते कोशातील अर्थामुळे नव्हे; ते धारण करणाऱ्याच्या करणीमुळे आणि ते उच्चारणाऱ्याच्या मनामुळे. नदीने शेते भिजवली, गावांची तहान भागवली. द्रौपदीने भरसभेत असा प्रश्न विचारला की, भीष्मांसारख्या वृद्धांनाही त्याचे नीट उत्तर देता आले नाही. म्हणून काळेपण सांगणारे नाव पूज्य झाले.

कोणी म्हणेल, "मग नाव काहीही असले तरी काय बिघडले? हाक मारण्यापुरतेच तर ते असते." हे म्हणणे मला पटत नाही. याच सातारा जिल्ह्यात काही मुलींची नावे 'नकुशी' किंवा 'नकोशी' अशी ठेवली जात. एकामागून एक मुली झाल्या की, शेवटच्या मुलीचे नाव नकुशी ठेवावे, म्हणजे पुढे मुलगा होतो, अशी समजूत होती. या समजुतीला काही आधार नाही, हे उघड आहे. आपल्याकडे 'दगडू', 'धोंडू' अशीही ओबडधोबड नावे असत. परंतु बाळाला दृष्ट लागू नये, ते जगावे, या मायेपोटी ती ठेवली जात. नकुशी या नावात ती माया नव्हती. शाळेत हजेरी घेताना गुरुजींनी ते नाव पुकारावे आणि मुलीने "हजर" म्हणावे, म्हणजे आपण कोणालाही नको होतो, हे तिने रोज स्वतःच्या तोंडाने कबूल करण्यासारखेच झाले!

ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यास एक निराळा समारंभ झाला. जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने २८५ मुलींनी हे नाव टाकून नवी नावे घेतली. बारशाच्या दिवशी जो सन्मान मिळावयास हवा होता, तो त्यांना उशिरा का होईना, मिळाला. हे कार्य खरोखर चांगले झाले.

तथापि एवढ्याने काम संपले, असे समजू नये. मुलीचे नाव लक्ष्मी ठेवावयाचे आणि तिला शाळेतून काढून घरकामाला जुंपावयाचे, यात लक्ष्मीचा कोणता मान राहिला? नदीला 'माई' म्हणून तिची ओटी भरावयाची आणि घरचा केरकचरा तिच्याच पात्रात लोटावयाचा, त्यातलाच हा प्रकार होय. नाव चांगले असावे, आणि वागणूक त्या नावाला साजेशी असावी.

याच जिल्ह्यातील नायगाव येथे १८३१ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव सावित्री. पुराणातील सावित्रीने आपल्या पतीचे प्राण परत आणले, अशी कथा आहे. हे नाव त्या कथेसाठी प्रसिद्ध होते. परंतु नायगावच्या या मुलीने पुढे जोतीराव फुले यांच्यासह १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली आणि लोकांचा छळ सोसून तेथे शिकवले. आज सावित्रीबाई हे नाव ऐकताच आपल्याला मुलींची शाळा आठवते. जुन्या नावाला एका स्त्रीने आपल्या कार्याने नवा अर्थ दिला.

मुलांनो, तुम्हीही आज घरी गेल्यावर आपल्या आजीला तिच्या नावाचा अर्थ विचारा; ते कोणी ठेवले, तेही विचारा. सासरी आल्यावर तिचे माहेरचे नाव बदलले असेल, तर ते जुने नाव जाणून घ्या. कितीतरी वर्षांत त्या नावाने तिला कोणी हाक मारली नसेल. आणि उद्या शाळेत आपल्या सोबतिणीला हाक माराल, तेव्हा तिच्या रंगावरून वा रूपावरून नव्हे, तर तिच्या नावाने, आदराने मारा.