‘के’ म्हणजे नेमके काय?

रक्ततपासणीच्या अहवालात ‘सीरम इलेक्ट्रोलाइट्स’ या मथळ्याखाली ‘के’ हे रोमन अक्षर आणि त्यापुढे एक आकडा आपण पाहिला असेल. ‘आहारातील के सांभाळा’ असा सल्लाही घरातील एखाद्या रुग्णास मिळाला असेल. अक्षर एकच, परंतु त्यामागील पदार्थ भिन्न असू शकतात. हा भेद ध्यानी न आल्यास पथ्य निष्फळ ठरते, प्रसंगी घातकही होते.

अहवालातील ‘के’ म्हणजे पोटॅशियम. हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये हे मूलद्रव्य प्रथम वेगळे केले. त्याचे चिन्ह ‘कॅलियम’ या लॅटिन नावावरून आले. त्या नावाचे मूळ वनस्पतींच्या राखेसाठी असलेल्या अरबी शब्दात आहे. रक्तात पोटॅशियम सर्वसाधारणपणे लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल असते. हृदयाची लय आणि स्नायूंचे आकुंचन त्यावर अवलंबून असते. मूत्रपिंडे दुर्बल झाली की ते साचू लागते आणि फार वाढल्यास हृदयाची गती बिघडून प्राणावर बेतू शकते.

दुसरा ‘के’ म्हणजे जीवनसत्त्व. डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांना विशिष्ट आहारावर ठेवलेल्या कोंबडीच्या पिलांत रक्तस्राव आढळला. त्यातून सापडलेल्या या घटकास १९३५ मध्ये त्यांनी रक्त गोठण्याच्या क्रियेचे आद्याक्षर दिले. जर्मन भाषेत तो शब्द ‘के’ने सुरू होतो. नवजात बालकास जन्मतःच टोचले जाते ते हेच जीवनसत्त्व. मोठ्यांच्या नेहमीच्या रक्ततपासणीत ते मोजले जात नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. केळे आणि शहाळ्याचे पाणी यांत पोटॅशियम पुष्कळ, जीवनसत्त्व के मात्र नगण्य. पालकात दोन्ही विपुल. मूत्रपिंडाच्या रुग्णास पोटॅशियम कमी करण्यास सांगितले असेल, तर भाजी उकडून पाणी टाकून दिल्याने लाभ होतो. जीवनसत्त्व के पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते या रीतीने घटत नाही. ‘कमी सोडियम’चे मीठ अशा रुग्णाने वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये, त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते.

वॉरफेरिन किंवा ॲसिनोकूमारॉल घेणाऱ्यांचा प्रश्न निराळा. त्यांनी पालेभाजी वर्ज्य करण्याचे कारण नाही. तिचे प्रमाण दर आठवड्यास साधारण सारखे असावे. एकाएकी वाढवल्यास औषधाचा प्रभाव उणावतो, एकाएकी सोडल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणूनच ‘आयएनआर’ ही तपासणी नियमित करावी. रक्त पातळ ठेवणाऱ्या सर्वच औषधांना हा नियम लागू नाही, हेही लक्षात असावे.

दिव्याच्या खोक्यावरील ‘६५०० के’ म्हणजे केल्विन, प्रकाशाच्या रंगछटेचे माप. चालण्याच्या नोंदीतील ‘१० के’ म्हणजे दहा हजार पावले. तेथे गफलत झाली तरी फारसे बिघडत नाही. औषध आणि आहाराच्या बाबतीत मात्र डॉक्टरांना निःसंकोच विचारावे, “पोटॅशियम की जीवनसत्त्व के?” मिळालेले उत्तर पूर्ण शब्दांत लिहून स्वयंपाकघरात लावावे, म्हणजे घरात जो कोणी स्वयंपाक करील त्याचा घोटाळा होणार नाही.