थाळी दहा रुपयांची, उधारी लाखांची

राज्यात 26 जानेवारी 2020 रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात आणि गरजूने द्यायचे फक्त दहा रुपये. थाळीचा दर शहरात 50 आणि ग्रामीण भागात 35 रुपये धरला गेला. वरची रक्कम सरकार केंद्रचालकाला अनुदान म्हणून देते. कोरोनाकाळात तर काही महिने ही थाळी मोफत होती. पण अलीकडे केंद्रचालकांची बिले थकल्याच्या बातम्या राज्यभरातून येत आहेत.

हिशेब सोपा आहे. ग्रामीण दराने रोज 100 थाळ्या दिल्या, तर जेवणाऱ्यांकडून 1000 रुपये हातात येतात आणि 2500 सरकारकडून येणे राहतात. महिन्याचे 26 दिवस धरले तर 65 हजार. तीन महिने बिल अडकले की जवळपास दोन लाख! किराणावाला आणि गॅसवाला इतके थांबत नाहीत. बचत गटाच्या बायकांनी हे पैसे आणायचे कुठून? म्हणजे योजना कागदावर चांगली असली, तरी चालवणाऱ्याच्या खिशात भांडवल नसेल तर चूल विझते.

महाड-पोलादपूरला हा प्रश्न परका नाही. जुलै 2021 मध्ये महाड शहर पुरात बुडाले, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसे गेली. अशा वेळी अनुदानाची फाईल नव्हे, तयार चूल लागते. ती आधीपासून पेटती असावी लागते.

आपल्या जमाती रमजानमध्ये शिध्याचे किट देतात, आखातातली मुले पैसे पाठवतात. ही मदत मोठी आहे, पण बहुतेक एकाच महिन्यात येते. पावसाळ्यात मजुरी थांबते तेव्हा बैतुलमाल रिकामा असतो.

आम्हाला वाटते, जमातींनी सरकारच्या जागी उभे राहू नये. सरकारी पैसा येईपर्यंतचा आधार व्हावे. सदका आणि लिल्लाहच्या रकमेतून एक फिरता निधी करावा. केंद्र चालवणाऱ्या गटाला त्यातून कर्ज-ए-हसना द्यावे आणि बिल आले की ते परत घ्यावे. जकातीचा पैसा यात घालू नये. तो हकदाराच्या हातातच गेला पाहिजे. आणि ताटावर बसणाऱ्याची जात-धर्म विचारू नये. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली होती. तो वारसा आपला आहे.

वाडीवरच्या म्हाताऱ्याला मात्र तालुक्याची थाळी मिळत नाही. त्याचा आधार रेशनचे माणशी पाच किलो धान्य. अंगठा उमटत नाही, ई-केवायसी राहिली, म्हणून नाव अडकले असेल तर शिकलेल्या पोरांनी त्याला घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत जावे. बिले वेळेवर द्या, ही मागणीही तिथेच लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. अनुदान ही मेहेरबानी नाही, ते जनतेच्याच कराचे पैसे आहेत.