आमच्या हातचा गोड घास

सहामाही परीक्षा संपली की कबनूरच्या गल्लीगल्लीतून तळणाचा वास सुटतो. बौद्धाच्या घरातले लेकरू शेजारच्या दारातला आकाशकंदील बघून येते आणि विचारते, "पप्पा, आपल्यात फराळ का करत न्हाईत?" बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आपल्याला धम्म दिला, बावीस प्रतिज्ञा दिल्या, हे उत्तर बरोबर आहे. पण सात वर्षांच्या पोराच्या हातात त्याने काही पडत नाही. काही बांधव पोराला दटावून गप्प करतात, काही घरांत गुपचूप चकलीची भाजणी दळून येते. आम्हाला दोन्ही पटत नाही. सण आपला नसेल, सुट्टी तर पोरांची आहे ना? आणि आपल्यात गोड म्हटले की खीर, दुसरे काही सुचतच नाही!

म्हणून चॉकलेटचे गोळे. याला शेगडी लागत नाही, भट्टी लागत नाही, तळणाचे तेल लागत नाही. मारी बिस्किटे 200 ग्रॅम घ्यावीत. ती पिशवीत घालून लाटण्याने चुरावीत, हे काम पोरांचे. त्यात दोन मोठे चमचे कोको पावडर, अर्धी वाटी पिठीसाखर आणि अर्धी वाटी भाजक्या शेंगदाण्याचे जाडसर कूट घालावे. कूट आमच्या कोल्हापूरकडचे, त्याशिवाय आम्हाला चव लागत नाही. मग दोन चमचे पातळ केलेले तूप. उकळून गार केलेले दूध मात्र चमच्याचमच्याने घालावे. एकदम ओतले तर चिखल होतो आणि मग आणखी एक पुडा फोडावा लागतो. गोळा वळता येऊ लागला की थांबावे. लिंबाएवढे गोळे करून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवावेत. वीसएक होतात. दुकानात गोड चॉकलेटची पावडरही मिळते, ती आणली तर साखर निम्मी करावी. घरात फ्रीज नसेल तर त्याच दिवशी संपवावेत, दूध असते.

आमच्या भागात पुरुष मागावर, बाई कांडीवर. बारा तासांची रातपाळी करून आलेला बाप पोरांशी बोलायलासुद्धा उरत नाही. पण बिस्किटे चुरायला आणि गोळे वळायला त्याला बसवता येते. विस्तव नसल्याने बाईला सगळ्यांच्या मागे उभे राहावे लागत नाही, तीही बसते. स्वयंपाक बाईचाच, हा नियम कुठल्या प्रतिज्ञेत आहे ते कोणी दाखवावे.

तूप किती घालायचे यावरून आमच्याकडे चर्चा झाली तेव्हा चकवारा आठवले. जयपूर संस्थानातले हे गाव. तिथल्या एका अस्पृश्य माणसाने यात्रा करून आल्यावर आपल्याच भाऊबंदांना जेवण दिले आणि जेवणात तूप वाढले. तेवढ्यावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासले, जेवणाऱ्यांना बडवले. बाबासाहेबांनी 1936 च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहून ठेवले आहे. स्वतःच्या पैशाचे, स्वतःच्या पंगतीतले तूप! गोळे वळताना पोरांना ही हकीकत सांगावी. ऐकतात, हात चालू असले की पोरे ऐकतात.

कोकोचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. केरळ-कर्नाटकात नारळी-सुपारीच्या बागेत कोकोची झाडे लावतात. फळातल्या बिया गरासकट काही दिवस आंबवायच्या, उन्हात वाळवायच्या, मग भाजायच्या, तेव्हा तो वास येतो. जगातला निम्म्याहून जास्त कोको आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो आणि तिथल्या मळ्यांत लहान पोरेही राबतात. कष्ट एकाचे आणि गोडी दुसऱ्याची, हे मागावरच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता खरा प्रश्न. गोळे झाले, ताटली भरली, वर रुमाल टाकला. शेजारी द्यायची की नाही? पुड्यातले बिस्कीट सगळ्यांना चालते. ते कोणी केले, कोणी भरले, कोणी विचारत नाही. तेच बिस्कीट चुरून आमच्या हातचा गोळा झाला की काही दारांत हात आखडतो. "ठेवा तिथं, मुलं बाहेर गेल्यात." काही दारांत वहिनी समोरच तोंडात टाकतात आणि ताटली रिकामी परत देत नाहीत. दोन्ही आम्ही बघितले आहे, एकाच गल्लीत.

पागेतल्या नोकरीत पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले. तिथे गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावायचे. त्याच महाराजांनी मार्च 1920 मध्ये आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांना पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले. शंभरावर वर्षे झाली, माणगाव इथून फार लांब नाही.

आमचे मत, ताटली न्यावी. पोराला बरोबर न्यावे. कोण घेते, कोण उंबऱ्यावर ठेवायला सांगते, हे त्याला दिसू द्यावे. घरी आल्यावर तो विचारेल, तेव्हा खरे सांगावे.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात पंधरा-वीस मुले मिळून हे गोळे करणार आहेत. कोको आणि तूप आमच्याकडे. प्रत्येकाने मारीचा एक पुडा आणि एक ताटली आणावी. वडिलांना सुट्टी असेल तर त्यांनाही आणावे.