हातभार

आमच्याकडे पोळीभाजीचा डबा देणाऱ्या ताईंना परवा विचारलं, "हे कशासाठी सुरू केलंत?" त्या लगेच म्हणाल्या, "घराला तेवढाच हातभार." त्याच संध्याकाळी चौकातल्या वडापावच्या गाडीवर हाच प्रश्न विचारला. गाडीवाले दादा म्हणाले, "कुणाच्या हाताखाली राबायचं नव्हतं. आपलं स्वतःचं काहीतरी हवं."

दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि जुनीही. मुंबईतल्या नोकरीत हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्कर राजीनामा देऊन बेळगावच्या आपल्या सायकलच्या दुकानाकडे वळले. पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले; तेच पुढचं लिज्जत. त्यांना घर सांभाळून चार पैसे मिळवायचे होते. धंद्याची घडीही तशीच बसली: लिज्जतच्या बहिणी केंद्रावरून मळलेलं पीठ घरी नेतात आणि लाटून वाळवलेले पापड परत आणून देतात.

मला खटकतं ते पुढचं. पुरुषाच्या कारणाला आपण महत्त्वाकांक्षा म्हणतो, बाईच्या कारणाला गरज. आणि गरज भागली की बाई थांबेल, असं गृहीत धरतो. गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवा. रोज दोन वेळा कामगारांना जेवू घालायचं, पगार होईपर्यंत त्यांची उधारी सांभाळायची, स्वतः मात्र व्याजानं पैसे काढून किराणा भरायचा. गिऱ्हाईक, भांडवल, हिशेब, जोखीम, सगळं होतं. तरी 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे या कामाला धंद्याची पत मिळाली.

'हातभार' हा शब्द बायका उच्चारतात, कारण तो घरात कुणाला खुपत नाही. "मला मोठं व्हायचंय" म्हणायला धीर लागतो. समोर ते ऐकून घेणारं माणूसही लागतं.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या तेव्हा मी निराळं विचारलं, "पुढे काय करायचंय?" डबा हातात तसाच धरून त्या क्षणभर थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "स्टेशनजवळ एक गाळा बघून ठेवलाय. वर्ष झालं. घरी अजून बोलले नाही."