संवादाच्या नियमांवर खंडणी
सुपेल्याला लागून उभ्या असलेल्या भिलाई पोलाद कारखान्यासाठी १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला. यंत्रांबरोबर ती चालविण्याचे ज्ञानही आले. भारतीय अभियंत्यांना तेथे शिक्षण मिळाले. संगणकाच्या क्षेत्रात मक्तेदार भांडवलाने नेमके उलटे केले. ई-मेल पोहोचविण्याचे एसएमटीपी हे नियम १९८२ पासून सर्वांना खुले आहेत. परंतु टपालपेटी, दिनदर्शिका व पत्ते यांसाठी मायक्रोसॉफ्टने स्वतःचे गुप्त प्रोटोकॉल रचले. दुसऱ्याच्या मेल सर्व्हरला आउटलुकशी जुळवून घ्यायचे, तर तिच्या दारी जाणे आले!

युरोपीय आयोगाने २००४ साली सर्व्हरांच्या परस्परसंवादाची माहिती देण्याचा आदेश दिला. कंपनीने त्या माहितीला अवाजवी दर लावला. म्हणून २००८ साली ८९.९ कोटी युरोंचा दंड झाला, जो न्यायालयाने पुढे ८६ कोटींवर आणला. त्याच वर्षी एक्स्चेंजच्या प्रोटोकॉलांची कागदपत्रे तिने प्रसिद्ध केली. मात्र व्यापारी वापरासाठी पेटंटांचे शुल्क राखून ठेवले.

भारत सरकारच्या २०१० च्या धोरणात रॉयल्टीमुक्त खुल्या मानकांचा पुरस्कार आहे. सरकारी मेल सर्व्हरांच्या प्रत्येक निविदेत त्याचा कडक अंमल झालाच पाहिजे. जनतेच्या पैशाने चालणाऱ्या पत्रव्यवहाराची किल्ली कोणत्याही कंपनीच्या, मग ती विदेशी असो वा देशी, खिशात असता कामा नये.