शाल-नारळानंतर काय?



कारखान्यातून, एस. टी. तून, शाळेतून किंवा पलटणीतून माणूस निवृत्त झाला की त्याला शाल मिळते, नारळ मिळतो, चार भाषणे होतात. फोटो निघतो. दुसऱ्या दिवसापासून तो पारावर येऊन बसतो आणि लोक विचारतात, "काय मग, आता आरामच की!"

हा प्रश्न फक्त कामगारांचा आहे असे कोणी समजू नये. माळेगाव व पंचक्रोशीत एक भाऊ उसात आणि एक नोकरीत, अशी घरे थोडी नाहीत. निवृत्त होणारा बहुधा आपलाच भाऊ, चुलता नाहीतर व्याही असतो. त्याचा पैसा बुडाला की त्याची झळ उसाच्या बिलाला लागते, हे आपण जाणतोच.

आधी हिशेब पाहू. कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना धरायचा २६ दिवसांचा. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि नोकरी ३० वर्षांची असेल, तर साडेचार लाख होतात. त्यात भविष्य निर्वाह निधीची रक्कम मिळते. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण १९९५ च्या योजनेतली पेन्शन? २०१४ साली पगाराची मर्यादा १५,००० रुपये ठरली. तेवढ्यावरच वर्गणी भरलेल्या कामगाराची पेन्शन सात-आठ हजारांच्या आतच अडकते. त्याच वर्षी किमान पेन्शन १,००० रुपये ठरवली गेली, म्हणजे दूध-चहाचा खर्च. तेव्हा हातात आलेली रक्कम ही कमाई नव्हे, ती पुढच्या वीस वर्षांची शिदोरी आहे.

आणि ही शिदोरी जाते कुठे? थोडी धाकट्याच्या लग्नात, थोडी घरावर दुसरा मजला चढवण्यात. उरलेली कोणीतरी 'अमुक वर्षांत दुप्पट' म्हणतो त्याच्या खिशात. पण आमच्या मते सर्वांत घातक वाट निराळीच आहे. निवृत्त माणूस मुलाला ट्रॅक्टर घेऊन देतो. डाउन पेमेंट फंडातून, बाकीचे कर्ज. ऊस वाहतुकीचा करार होतो, टोळीसाठी मुकादमाला उचल दिली जाते. गळीत सुरू होते आणि टोळी येतच नाही. मुकादमाचा फोन बंद. मग हा साठीचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात कोयत्यांच्या शोधात वणवण फिरतो. सगळेच मुकादम असे नसतात आणि सगळे ट्रॅक्टर बुडत नाहीत, हे मान्य. परंतु तरुणाने पत्करायची जोखीम म्हाताऱ्याच्या फंडावर का?

तर मग काहीच करू नये काय? तसेही नाही. धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. महिला विद्यापीठ त्यांनी काढले १९१६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी. ज्या वयात आपण पार धरतो, तेच हे वय. तो काही धंदा नव्हता म्हणाल, तर त्यांच्याच नातवाचे उदाहरण आपल्या उसाशी जोडलेले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, 'आरती' ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था उभी केली. तिचे काम पुण्यात आणि नीरेपलीकडच्या फलटणमध्ये चाले. त्यांनी पाहिले काय? तोडणी झाली की शेतकरी पाचटाला काडी लावतो. एकरी तीन-चार टन पाचट धुरात जाते. त्यापासून भट्टीत कोळसा करून त्याच्या कांड्या पाडायची पद्धत संस्थेने बसवली, आणि त्याबद्दल तिला २००२ साली इंग्लंडचे ॲशडेन पारितोषिक मिळाले. २००६ मध्ये खरकट्यावर चालणाऱ्या लहान बायोगॅससाठी पुन्हा.

आता पाचटाचा कोळसाच करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पाचट सरीत ठेवून कुजवणेच खोडव्याला हिताचे. घ्यायचे ते एवढेच, की त्यांनी धंदा पुण्या-मुंबईच्या बाजारात शोधला नाही. बांधावर रोज दिसणारी अडचण धरली आणि आयुष्यभराची विद्या तिच्यावर लावली.

आपल्याकडे अशी अडचण कोणती? आमच्या मते, खात्रीचे रोप. पूर्वी एकरी दहा-बारा हजार दोन डोळ्यांच्या टिपऱ्या सरीत दाबायचो. आता एका डोळ्याचे, ट्रेमध्ये वाढवलेले महिन्याचे रोप लावतात. पाच बाय दोन फुटांवर एकरी ४,३५६ रोपे बसतात. दहा एकरांना मर-तूट धरून पन्नास हजार. एवढ्याला दोन-तीन गुंठ्यांची शेडनेट पुरते. काम जड नाही, पण डोळ्यांत तेल घालून करायचे आहे, आणि तेच निवृत्त माणसाला जमते. तरुणाला धीर नसतो हो!

यात इमान मात्र हवे. गवताळ वाढ आणि काणी हे दोन्ही रोग बेण्यातून पसरतात. 'को ८६०३२' म्हणून भलतेच रोप गळ्यात मारले, तर आडसाली उसाचे सोळा-अठरा महिने वाया जातात, आणि ते तोडणीपर्यंत कळतही नाही. बेणे ९ ते ११ महिन्यांचे, रोग नसलेल्या प्लॉटमधले घ्यावे. मूळ बेणे पाडेगावच्या संशोधन केंद्रातून किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून आणावे. पाडेगावला १९३२ पासून उसावर काम चालू आहे, आपल्या हाकेच्या अंतरावर. शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र तर शेजारीच आहे. विचारायला लाज कसली?

सर्वांनीच रोपवाटिका काढावी असेही नाही. फिटरने ठिबकची आणि मोटारींची दुरुस्ती घ्यावी. हिशेबखात्यातल्याने लोकांचे बँकेचे व पीकविम्याचे कागद पुरे करून द्यावेत, चार पैसे घेऊन. निवृत्त नर्सबाईंनी घरोघरच्या म्हाताऱ्यांचे ड्रेसिंग, साखर-रक्तदाब बघावा. मुले पुण्याला गेलेली घरे त्यांची वाट बघत असतील. नियम एकच पाळावा: मिळालेल्या रकमेचा पाचवा हिस्सा घालावा, चार हिस्से घरच्या माणसाने मागितले तरी हलवू नयेत, आणि कर्ज नको.

आता थोडे कारखान्यांकडे. आमची सूचना अशी की कोणत्याही सहकारी कारखान्याने आपल्या निवृत्त कामगाराला शालीबरोबर एक करारपत्र द्यावे. शेतकी खात्याने त्याची रोपवाटिका तपासावी, पास झालेली रोपे सभासदांना उधारीवर द्यावीत आणि रक्कम उसाच्या बिलातून कापून थेट त्याच्या खात्यात भरावी. कारखान्याचा यात जवळचा पैसा जात नाही. सभासदाला खात्री मिळते, कारखान्याला चांगला ऊस. उधारी बुडण्याची भीती हेच अशा छोट्या धंद्याचे मरण असते, ते टळते. वार्षिक सभेत भाषणे ऐकून चहा पिऊन घरी जाण्यापेक्षा हा ठराव कुणीतरी मांडावा.

मात्र मांडायचा तर वेळेत. जुलैत आडसालीला रोपे हवीत, तर ट्रे जूनच्या सुरुवातीला भरावे लागतात, आणि त्यासाठीचा बेणेमळा आदल्या ऑगस्टातच लावलेला असावा लागतो.